शिकारी महाराजांची बुधवारची समाधी

मिठाच्या रिंगणाला आपोआप आग लागली आणि बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारातली पाचसहाशे माणसं एकदम दोन पावलं मागे सरली. काडी कोणी ओढली नव्हती, निखाराही नव्हता. जांभळट ज्वाळा उठली, पांढरा धूर निघाला, आणि मंचावरून बडे महाराज गरजले, “देखो! जल रहा है! बरसों का भूत, मिनट में भस्म!”

बायकांनी हात जोडले. सरकारी खात्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्यांनीही जोडले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शांताबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्याच. त्या मला कोपराने ढोसत म्हणाल्या, “पाह्यलं का मास्तर? आता बोला!”

मी बालाघाटच्या एका शाळेत एकवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होतो, आणि जांभळी ज्वाळा पाहिली की माझ्या डोक्यात भूत येत नाही, बाटलीवरची चिठ्ठी येते. पण सन दोन हजार आठच्या त्या मार्च महिन्यात अख्ख्या गावाच्या डोक्यात भुतंच भुतं होती.

ही भुतं आणली होती दोन भावांनी. बडे शिकारी महाराज आणि छोटे शिकारी महाराज. हिमालयात बारा वर्षं राहून आलेले. वडिलांना एका पिशाच्चाने मारलं, म्हणून दोघा भावांनी देशभरातली भुतं मारायचं व्रत घेतलेलं. अंगात भगवं काही नाही. काळं जाकीट, पायात बूट, कमरेला लोखंडी सळई. साधूंचा कंटाळा आलेल्या गावाला हा नवा माल फार आवडला. दर गुरुवारी सकाळी दहाला दरबार भरे, आणि दर गुरुवारी नवं भूत निघे, नव्या रीतीने मरे.

“साधारण नमक नहीं है यह,” बडे महाराज मूठभर काळपट दाणे दाखवत सांगत. “उकवा की खदान के नीचे, जहाँ सूरज नहीं पहुँचता, वहाँ का नमक! इस पर पड़ेगा हिमालय का तीर्थ, और मंत्र पढ़ेंगे छोटे महाराज!”

मग छोटे महाराज डोळे फिरवत मंत्र म्हणत: “थीमे राजी, यानिध, नीचीलदा, गलौं, फसौं! फट् स्वाहा!”

उकव्याला माझा मेहुणा सतरा वर्षं राहिला. तिथे जमिनीखाली मॅंगनीज निघतं. मीठ तो किराणा दुकानातून आणायचा. पण हे सांगायचं कोणाला?

त्या गुरुवारी मी दरबारात गेलो ते चमत्कार पाहायला नाही. हेमराज तिथे येणार असल्याचं शांताबाईंनी सांगितलं होतं. हेमराज माझा जुना विद्यार्थी, रामपायलीला त्याची धानाची शेती. त्याची अकरा वर्षांची मुलगी अंजना मला ठाऊक होती. तिला सिकलसेल होता. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं कोणीतरी आतून पिळावीत तशी दुखतात. डोळ्यांत पिवळेपणा येतो. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि तीनदा बजावलं होतं: पोरीला भरपूर पाणी पाजा, उन्हात बसवू नका.

अंजनाला रिंगणात आणलं. छोट्या महाराजांनी तिच्या पापण्या वर केल्या.

“आँखें पीली! हड्डियों में घुसा है! यह हड्डीखोर है, भाइयों!”

गर्दीतून हाय निघाली. अंजनाची आजी गोदाबाई डोकं जमिनीला टेकून रडायला लागली. महाराजांनी उपाय सांगितला. सात दिवस दवाखान्याच्या गोळ्या बंद. रोज सकाळी दोन तास उन्हात मिठाच्या रिंगणात बसवायचं. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, कारण पाणी पोरगी पीत नाही, आतला पितो.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, “अहो, त्या मुलीचं पाणी तोडलंत तर ती मरेल!”

बडे महाराज हसले. “गुरुजी हैं? अच्छा! गुरुजी, आपकी किताब में आत्मा का फॉर्मूला लिखा है क्या?”

सगळं आवार हसलं. हेमराजनेही मान खाली घालून थोडं हसू लपवलं. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण खाली पाहताना मला एक गोष्ट दिसली. मीठ पसरणाऱ्या छोट्या महाराजांच्या बोटांना तपकिरी डाग होते, धुऊन न जाणारे. दरवर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर माझ्या पोरांच्या बोटांना तसेच डाग पडतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून पोटॅशियम परमॅंगनेट घेतलं. विहिरीत टाकतात ती लाल दवा. दाणे काळपट जांभळे, मिठात मिसळले तर खाणीतल्या मिठासारखेच. आणि ग्लिसरीन घेतलं. हेमराजची बायको नूतन, तिच्या भावाचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. सगळे तिथेच उतरले होते. अंगणात फरशीवर दाणे ठेवले, वर ग्लिसरीन ओतलं. थोड्या वेळाने भडका उडाला. तीच जांभळी ज्वाळा, तोच पांढरा धूर.

हेमराजने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, “सर, तुमची आग तुमच्या दवाईनं लागली. त्यायची मंत्रानं लागते. तुमी केली म्हणून त्यायनं तशीच केली, असं काहून म्हणता?”

पोराला तर्क करायला मीच शिकवलं होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

नूतन मला फाटकापर्यंत सोडायला आली. “सर, मी लपून पाजतो तिले पाणी,” ती हळूच म्हणाली. “पण सासूबाई दिवसभर डोळ्यापुढून हटत नाईत. काल दोनच घोट झाले.”

मी हात हलवत घरी आलो. जेवताना भाचीला, ऋताला, सगळं सांगितलं. ऋता सिवनीहून शिकायला आमच्याकडे राहिलेली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याबद्दल एक सांगायला हवं. तिला एका मालिकेचं वेड होतं. ‘भूत के पीछे दो भाई’. परदेशी मालिका, हिंदीत डब केलेली, बुधवारी दुपारी दोन ते तीन एका आडवळणाच्या चॅनेलवर लागायची. गावात ती पाहणारी बहुधा ऋता एकटीच. नुसती पाहायची नाही. प्रत्येक भागावर वहीत लिहायची. कोणतं भूत, त्याचे नियम काय, कशाने मेलं, आणि लेखकांनी आपलाच नियम कुठे मोडला. “अकराव्या भागात भूत मिठाची रेघ ओलांडत नाही. चौदाव्यात पावसाने रेघ विरघळली, तरी भूत बाहेरच उभं. का?” अशा चार वह्या भरल्या होत्या. जबलपूरच्या एका मुलीशी या विषयावर तिचा पत्रव्यवहार होता; मोठा भाऊ धाकट्यापासून काय लपवतोय, यावर दोघींचं सहा पत्रं भांडण चाललं होतं. मी तिला किती वेळा म्हटलं होतं, याच्या निम्म्या कष्टात गोल्ड मेडल मिळेल.

त्या दिवशी मी चिडून छोट्या महाराजांची नक्कल केली. “थीमे राजी, यानिध, नीचीलदा...”

ऋताचा घास हातातच राहिला. “गलौं, फसौं?”

“तुला कसं माहीत?”

ती उष्ट्या हातानेच उठली. तिसरी वही घेऊन आली. “मामा, हा सतराव्या भागातला मंत्र हाय. मूळ मालिकेत काहीतरी परदेशी प्रार्थना असंल. इथं डब करणाऱ्यायले ती वाचता आली नाई. म्हणून त्यायनं काय केलं, पाहा. मी टेप करून घेतलं होतं, अक्षर अक्षर लिहून काढलं. आता उलटं वाचा.”

मी चष्मा लावला. फसौं, सौंफ. गलौं, लौंग. नीचीलदा, दालचीनी. यानिध, धनिया. राजी, जीरा. थीमे, मेथी.

“मसाल्याची पुडी उलटी वाचली, मामा!” ऋता म्हणाली. “आन् तुमचे महाराज हिमालयात बारा वर्षं हेच शिकून आले?”

मी इतका हसलो की ठसका लागला. मग अंजनाची आठवण झाली आणि हसू थांबलं.

ऋताने लगेच शांताबाईंना गाठलं. शांताबाईंनी एकही गुरुवार चुकवला नव्हता; कोणत्या दिवशी कोणतं भूत, हे त्यांना पाठ होतं. ऋताने एकेक चमत्कार आपल्या वहीशी ताडून पाहिला. आरशातली बाई, अकरावा जुना भाग, दरबाराच्या आदल्या दिवशी पुन्हा दाखवलेला. विहिरीतला सैनिक, बुधवार पाच तारीख. महाराजांच्या दरबारात सहा तारखेला. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मात्र महाराजांनी आधीचंच भूत पुन्हा मारलं होतं. आदल्या बुधवारी दुपारभर लाईट नव्हती.

“महाराज बुधवारी दुपारी काय करतात?” मी विचारलं.

“समाधीत असतात ना!” शांताबाई श्रद्धेने म्हणाल्या. “दोन ते तीन. त्या येळेले खोलीकडं कोणी फिरकायचं नाई.”

पण हेमराज हेही ऐकून म्हणाला असता: महाराजांचा मंत्र मालिकेवाल्यांनी चोरला. म्हणून ऋता म्हणाली, “झालेल्या गोष्टीवर कोणी काहीही म्हणू शकते. होणारी सांगितली पाह्यजे.”

बुधवारी दोन वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा ती मालिका पाहिली. साडेतीनला आम्ही नूतनच्या भावाच्या घरी होतो. अंजना खाटेवर पडलेली. ओठांना कोरड पडलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. कण्हायचीही ताकद राहिली नव्हती. मी म्हणालो, “हेमराज, आत्ता दवाखान्यात चल.” गोदाबाई आडवी आली. “सातवा दिवस उद्या हाय, मास्तर! आता मोडलं तर सारं उलटंल!”

ऋताने वेळ घालवला नाही. “दादा, उद्या महाराज अंजनाची उशी मागतील. सर्वांपुढं फाडतील. त्यातून काळ्या कापडाची बाहुली निघंल. तिच्या पोटात तीन खिळे असतील. हे सारं मी कागदावर लिहिलं हाय. खिशात ठेवा, आत्ता उघडू नका.”

हेमराजने कागद घेतला, जसा लग्नपत्रिका घेतो तसा. चहा झाला. पाचच्या सुमारास फाटकावर दरबारचा एक सेवेकरी आला. “हेमराज भैया? महाराज का आदेश है। कल बिटिया का तकिया साथ लाना।”

सेवेकरी गेला. हेमराजचा हात खिशावर गेला. गोदाबाईच पहिल्यांदा सावरली. “महाराजायनं ह्या पोरीच्या मनात घातलं असंल! किती मोठी शक्ती, पाहा!”

नूतनने मात्र आत जाऊन जुनी उशी आणली, टाके उसवले आणि सगळा कापूस अंगणात काढून टाकला. पदर खोचून तिने तो बोटाबोटाने पिंजून परत भरला. हेमराज समोर उभा होता. “पाहून घ्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “आत काई हाय का? हात घालून पाहा.” त्याने हात घालून पाहिलं. मग तिने हिरव्या दोऱ्याने उशी शिवली आणि ती कोणाच्याही हाती दिली नाही, गोदाबाईच्याही नाही.

संध्याकाळी दिवस मावळल्यावर अंजनाने पाणी मागितलं आणि ओकून टाकलं. मी पुन्हा दवाखान्याचं बोललो. हेमराज भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “सर, उद्या दहापर्यंत. उशी फाडली की मी कोणाचं ऐकणार नाई.” पोरीला उचलून न्यायला हवं होतं, मी ते केलं नाही. ती चूक माझीच.

गुरुवारी आवार ओसंडून वाहत होतं. अंजनाला रिंगणात बसवलं. ती बसली नाही, कलंडली. बड्या महाराजांनी हात उंचावला. “आज हड्डीखोर का घर टूटेगा! तकिया लाओ!”

छोट्या महाराजांनी नूतनच्या हातून उशी घेतली. त्यांच्या जाकिटाच्या बाह्या त्या दिवशी जरा जास्तच ढगळ होत्या. सुरी चालली, कापूस उडाला, छोटे महाराज उशीत कोपरापर्यंत हात घालून ओरडले आणि बाहेर आली काळी बाहुली. पोट फाडलं. एक, दोन, तीन खिळे मंचावर पडले.

गोदाबाई किंचाळली.

नूतन उठली. गावात ही बाई कोणाशी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. ती सरळ चालत गेली, रिंगणाची रेघ पायाने पुसली, अंजनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पिशवीतली पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली.

“अरे! भूत छूट जाएगा! हटाओ इसको!” बडे महाराज ओरडले.

“काल ही उशी मी माह्या हातानं भरली,” नूतन म्हणाली. आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. “कापूस पिंजून भरली. हा हिरवा दोरा माहा हाय. त्यात बाहुली नोती. तुमच्या बाहीत होती.”

हेमराज धावत तिच्याजवळ गेला. तिने लेकीला उचलून भावाच्या हाती दिलं. “दादा, गाडी काढ, दवाखान्यात.” आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमी तो कागद वाचा साऱ्यायपुढं. मग या.”

ती गेली. गोदाबाई क्षणभर मंचाकडे पाहत राहिली, मग नातीच्या मागे धावली.

हेमराजने कागद उघडला. उशी, काळी बाहुली, तीन खिळे, आणि हे सगळं दुपारी दोनच्या मालिकेत पाहिल्याचं. खाली ऋताची सही, कालची तारीख, वेळ साडेतीन. “मले काल साडेतीनला कागद भेटला,” तो गर्दीला म्हणाला. “महाराजायचा निरोप पाच वाजता आला.”

छोटे महाराज घाईघाईने मंत्र म्हणायला लागले. ऋता खालून त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणाली, “सौंफ, लौंग, दालचीनी, धनिया, जीरा, मेथी! बायांनो, तुमीच मंत्र उलटा म्हणून पाहा!” बायका पुटपुटायला लागल्या. आधी एक फिस्कारली, मग दहा. स्वयंपाकघरातली नावं ओळखायला त्यांना किती वेळ लागणार?

मी मंचावर चढलो. पिशवीतून एक मोठं वांगं काढून मधोमध ठेवलं. भोवती मीठ आणि लाल दवेचे दाणे पसरले, ग्लिसरीन ओतलं. “मंत्र म्हणत नाही,” मी सांगितलं. “तुम्ही फक्त मनात आकडे मोजा.” बावीसपर्यंत मोजलं असेल. भडका उडाला. “या वांग्याला कोणाचं भूत लागलं होतं, बडे महाराज?”

आता हसण्याची पाळी आवाराची होती. बड्या महाराजांनी ताठ होऊन डोळे मिटले. “हम समाधि में जा रहे हैं,” ते म्हणाले, आणि खोलीकडे निघाले. तिथे शांताबाई आधीच पोचल्या होत्या. इतके महिने मनात दाबलेलं कुतूहल. त्यांनी पडदा ओढला. आत गादी, दोन तक्के, ग्लिसरीनच्या बाटल्यांचं खोकं, आणि खिडकीतून केबलची तार घेतलेला टीव्ही.

“अवं माय! ह्यायच्याकडं तर रंगीत हाय!” शांताबाई ओरडल्या.

कोणीतरी पोलिसांना बोलावलं, आणि ठाण्यात कळलं की दोघे भाऊसुद्धा नव्हते. साला आणि भाऊजी. आधी बसमध्ये दंतमंजन विकायचे. एका गावी ‘हिमालयातलं दंतमंजन’ म्हणून ओरडताना लोक जास्त थांबतात, एवढं त्यांच्या लक्षात आलं, आणि बाकीचं शिक्षण टीव्हीने पूर्ण केलं.

अंजना नऊ दिवस दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस डॉक्टरीणबाई आमच्याशी धड बोलल्याही नाहीत, सलाईन लावलेला तो बारीक हात दाखवून एवढंच म्हणाल्या, “एक दिन और देर होती, तो बस.” हेमराज खाटेच्या पायथ्याशी बसून राही. एकदा मला म्हणाला, “सर, मी शिकलेला माणूस. मले कसं कळलं नाई?” पोरगी कण्हत असताना बाप काहीही धरतो. त्या धरलेल्या हाताचाच हे लोक धंदा करतात.

सगळं गाव शहाणं झालं, असं मी लिहिणार नाही. काही जण आजही सांगतात की वांग्यात खरंच काहीतरी होतं. गोदाबाईने महिनाभर माझ्याशी अबोला धरला, पण नातीच्या गोळ्यांची वेळ आता तीच पाळते. आजार गेलेला नाही. सिकलसेल असा जात नाही. अजूनही थंडीत अंजनाचे गुडघे दुखतात, आणि दुखले की तिला गोळी, पाणी आणि दवाखाना मिळतो.

ऋताला मी विचारलं, “भुतांवर तुझा विश्वास नाही, मग मालिका इतकी कशाला पाहतेस?”

ती म्हणाली, “ते खोटं हाय हे मले माहीत हाय, म्हणून तर मजा येते. कसं रचलं, कुठं चुकलं, ते पाहाता येते. ज्यायले खरं वाटते त्यायले फक्त भ्याव वाटते.”

माझं वाचकांना सांगणं एवढंच. घरात कोणाची हाडं दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी रक्त तपासा. औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, पाणी तर मुळीच तोडू नका. आणि कोणी तुमच्यापुढे चमत्कार करून दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, हे कसं केलंत? पुन्हा करा, या वेळी मीठ आमचं, उशी आमची, जागा आम्ही सांगू ती. खरं असेल तर त्याला हरकत नसेल. तो चिडला, तर समजा की तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला आहे.